दुपारचा दुसरा ठिपका

१

कुलूप शाबूत होतं. कपाटात काचा जागेवर होत्या, द्रव-स्फटिकाची बाटली जागेवर होती, डांबरगोळ्याही जागेवर होत्या. फक्त तीन वर्षं नव्हती.

ती तीन वर्षं एका लाल पुठ्ठ्याच्या रजिस्टरात होती, आणि रजिस्टर विशाखा पगारेचं होतं. एप्रिलातल्या त्या सोमवारी सकाळी सहा वाजता तिनं पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेतलं कपाट उघडलं, खालचा खण रिकामा पाहिला आणि शिकलेली माणसं अशा वेळी जे करतात तेच केलं. तोच खण आणखी अकरा वेळा पाहिला.

जालना रोडवरच्या या महाविद्यालयाचं नाव सांगण्यात अर्थ नाही. संस्थेचे अध्यक्ष बदलले की ते नव्या अध्यक्षांच्या वडिलांच्या नावाचं होतं. प्रयोगशाळा तिसऱ्या मजल्यावर, पत्र्याखाली. पत्रे काढून स्लॅब टाकायचा ठराव एकमतानं मंजूर झालेला आहे आणि त्याची प्रत त्याच पत्र्याखाली फ्रेम करून लावलेली आहे.

अकरा वाजता प्राचार्य बिभीषणरावांचं पत्र विशाखाच्या हातात पडलं. तिच्या प्रबंधातला तक्ता क्रमांक चार डॉ. राजेंद्र औताडे आणि सुयश डोणगावकर यांनी फेब्रुवारीत छापलेल्या शोधनिबंधातल्या तक्त्याशी आकडा न आकडा जुळत होता. मूळ नोंदवही आठ दिवसांत सादर करावी, अन्यथा वाङ्मयचौर्याच्या कारणावरून पीएच.डी.ची नोंदणी रद्द.

औताडे विभागप्रमुख होते आणि विशाखाचे मार्गदर्शकही. सुयश हा त्यांचा दुसरा विद्यार्थी, संस्थेच्या सचिवांचा भाचा. विद्यार्थिनीवर चोरीचा आळ मार्गदर्शकानं घेतला, असं मात्र म्हणता येणार नाही. तेवढे कष्ट औताडेसरांनी घेतले नव्हते. आळ ग्रंथालयातल्या, प्रबंध तपासणाऱ्या संगणकानं घेतला होता. सरांनी तो फक्त खोडून काढला नव्हता.

"सर, मोजमाप मी केलंय. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये," विशाखा प्राचार्यांना म्हणाली. "सहामाही अहवालात तोच तक्ता मी औताडेसरांना दिला होता."

"अहवालांच्या फायलीला वाळवी लागली," प्राचार्य म्हणाले. "दुःखद आहे."

"माझ्या मोबाईलमध्ये रजिस्टरचे फोटो आहेत."

"फोटो काय, आजकाल देवाचेही निघतात. मूळ प्रत आणा."

"मूळ प्रत चोरीला गेलीय, सर."

प्राचार्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. त्यांच्या विचारप्रक्रियेचा बाहेरून दिसणारा भाग एवढाच होता.

"पगारे," ते म्हणाले, "रजिस्टर मुळात होतं, याला पुरावा काय?"

२

चौकशीसाठी समिती नेमावी लागते. सचिवांच्या भाच्याचं नाव असलेल्या प्रकरणात समितीवर यायला कुणी तयार होईना. एका प्राध्यापकांची पाठ धरली, दुसऱ्यांच्या सासूबाई आजारी पडल्या, तिसऱ्यांनी तर सासूबाई आधीच वारलेल्या असूनही हेच कारण दिलं. शेवटी प्राचार्यांना सत्यभामा तुपे आठवल्या.

तुपेबाई चार वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या होत्या. एकतीस वर्षं त्यांनी पदार्थविज्ञानाची प्रॅक्टिकल घेतली. त्यांच्याकडे पीएच.डी. नव्हती, त्यामुळे त्यांना शेवटपर्यंत शिकवावं लागलं. मुलं त्यांना एकाच कारणासाठी भीत. बसवलेलं रीडिंग त्यांना वासावरून कळायचं.

ज्यांनी विज्ञान घेतलं नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं. उत्तर काय यायला पाहिजे हे पुस्तकात छापलेलं असतं. मग विद्यार्थी लंबक हलवण्याऐवजी उत्तरापासून उलटं चालत येतो आणि वाटेत लागतील ते आकडे जर्नलमध्ये लिहितो. याला रीडिंग बसवणं म्हणतात. मराठवाड्यातल्या कित्येक लंबकांना आयुष्यात कुणी धक्काही लावलेला नाही, आणि तरी त्यांची उत्तरं अचूक आहेत.

"निःपक्षपाती एकसदस्यीय समिती," प्राचार्यांनी चहा पुढं केला. "अहवाल दोन पानी. दीड असेल तर उत्तम."

"आणि निष्कर्ष?"

"तो तुम्ही मोकळेपणानं काढा. कपाटाची चावी गोकुळ शिपायाकडे असते, एवढं लक्षात असू द्या."

"म्हणजे निष्कर्ष तुम्ही काढलाय, मी फक्त दीड पान भरायचं."

"बाई, तुम्ही अजून तशाच आहात."

"तुम्हीसुद्धा," तुपेबाई म्हणाल्या आणि चहा तसाच ठेवून उठल्या. "उद्या सकाळी सहाला प्रयोगशाळा उघडी पाहिजे."

३

मंगळवारी सहा वाजता समोरच्या भिंतीवर दोन लाल ठिपके होते.

"हे काय?" बाईंनी विचारलं.

"दोन अपवर्तनांक," विशाखा म्हणाली.

टेबलावर छोटा लेझर होता. त्याच्यापुढं स्टँडवर दोन काचपट्ट्या एका कडेला चिकटलेल्या, दुसऱ्या कडेला केसभर उघड्या, पाचरीसारख्या. मधल्या फटीत द्रव-स्फटिकाचा थेंब.

"हे वाहतं पाण्यासारखं," विशाखा सांगू लागली, "पण याचे रेणू लांबट असतात आणि एका दिशेला तोंड करून उभे राहतात. म्हणून आत गेलेल्या प्रकाशाचे दोन भाग होतात. एक कमी वळतो, एक जास्त. डावीकडचा ठिपका कमी वळलेला, उजवीकडचा जास्त. कुठला किती सरकला ते भिंतीवर मोजायचं आणि त्यावरून अपवर्तनांक काढायचा."

"आणि तापवलं की?"

"रेणूंची शिस्त ढिली पडते. ठिपके जवळ सरकतात. पस्तीस अंश ओलांडले की रांगच मोडते आणि साध्या पाण्यासारखा एकच अपवर्तनांक उरतो. एकच ठिपका."

"तापवतेस कशावर?"

विशाखानं वर बोट केलं. वर पत्रे होते.

कोपऱ्यात तापमान स्थिर ठेवणारं यंत्र होतं. थर्मोस्टॅट. दोन वर्षांपूर्वी उद्घाटनात त्याच्या खोक्याला हार घातला, कुंकू लावलं, नारळ फोडला. खोकं फोडायचं राहिलं, कारण यंत्राची पिन मोठी आणि भिंतीतलं भोक लहान होतं. त्याबद्दलचा पत्रव्यवहार चालू होता. तोवर विशाखा रात्री खिडक्या उघड्या टाकून जाई, पहाटे येई आणि सूर्य पत्रे तापवील तसतशी मोजत जाई. सहाला सत्तावीस अंश, साडेदहा-अकराला पस्तीस. शहराच्या ज्या उन्हाला लोक शिव्या घालत, त्याच्यावर तिनं तीन वर्षं फुकट प्रयोग केले होते.

"सोमवारच्या आधी कपाट शनिवारी उघडलं होतंस ना? सुरुवातीपासून सांग."

"दोन महिन्यांनी शनिवारीच मांडणी लावली होती. सहाला कपाट उघडलं. काचा लागतात म्हणून अकरापर्यंत ते उघडंच होतं. रीडिंग मी कच्च्या कागदावर घेते, रजिस्टरात नंतर उतरवते. ते खालच्या खणात होतं. अकराला एक ठिपका झाला. कागद वरच्या खणात टाकले, कुलूप लावलं, चावी गोकुळमामांना दिली आणि चारपर्यंत ग्रंथालयात बसले. खालचा खण बघितलाच नाही." तिनं ओठ चावला. "लेझर चालूच ठेवला होता. बंद करून परत लावला की ठिपके जागेवर यायला तास जातो."

"सहा ते अकरा जागची हलली नाहीस?"

"एकदा. साडेआठला औताडेसरांनी केबिनमध्ये बोलावलं. वीस मिनिटं. गोकुळमामांना चहा आणायला पाठवलं. दुपारी त्यांचा सत्कार होता. उत्तराच्या भाषणात म्हणायला विज्ञानावरचा एखादा शेर हवा होता."

"मग?"

"मला एकही येत नव्हता. तरी बसवून ठेवलं."

बाईंनी स्टूल ओढून घेतलं. मग म्हणाल्या, "घरी सांगितलंस?"

"नाही. बाबांनी दारावरची पाटी नवीन केलीय. माझ्या नावाच्या आधी 'डॉ.'पुरती जागा मोकळी सोडून." विशाखानं लेझरचा स्क्रू उगीच फिरवला आणि परत जागेवर आणला. "मी खोटी ठरले तर नोंदणी जाईल. पुन्हा कुठंच नाव नोंदवता येणार नाही, मॅडम."

तुपेबाईंनी वहीत एकच ओळ लिहिली. वीस वर्षं अकराच्या आत कॉलेजात न दिसलेला माणूस शनिवारी साडेआठला शेर शोधायला आला होता.

४

औताडेसरांच्या केबिनमध्ये एसी होता आणि तो चोवीसवर होता. भिंतीला सत्तावीस मानचिन्हं होती. अपवर्तनांक मोजायचं एकही साधन नव्हतं.

"एकशे बेचाळीस शोधनिबंध," सर म्हणाले.

"मी विचारलं नव्हतं."

"माहिती असावी."

"तक्ता चार तुम्ही कधी मोजलात?"

"गेल्या हिवाळ्यात. मी आणि डोणगावकर. थर्मोस्टॅटवर. निबंधात स्पष्ट लिहिलंय, अंशाच्या दहाव्या भागापर्यंत तापमान स्थिर."

"थर्मोस्टॅट खोक्यात आहे."

"काम झाल्यावर परत ठेवला. उपकरणांची निगा राखावी लागते, बाई."

"हारासकट?"

सरांनी प्रश्न ऐकला नाही. न ऐकणं हा त्यांच्या प्रशासकीय अनुभवाचा भाग होता. "विशाखा हुशार आहे," ते मायेनं म्हणाले. "पण या मुलांना सगळं लवकर पाहिजे असतं. आम्ही कष्ट करायचे आणि—"

"ही मुलं म्हणजे कुठली मुलं?"

"म्हणजे... आजकालची."

"असं होय," बाई म्हणाल्या. "शनिवारी सकाळी तुम्ही इथं होतात."

"मी? बारापासून क्रांती चौकात सत्काराला होतो. शंभर माणसं साक्षीला आहेत."

"मी सकाळचं विचारते आहे."

"डोकावलो असेन पाच मिनिटं."

सुयश डोणगावकर कँटीनमध्ये भेटला. काळा चष्मा होता, समोर दोन मोबाईल होते आणि दोन्हींत तो एकाच वेळी व्यग्र होता.

"अरे मॅडम, छोटीसी बात आहे, तुम्ही किती ताणताय! गोकुळनं रद्दीत घातलं असेल, और क्या."

"तुम्ही शनिवारी प्रयोगशाळेत गेला होतात?"

"गेलो होतो ना. दुपारी दोनला. चार्जर राहिला होता. जाऊन बघतो तो काय, लॅब उघडी, गोकुळ गायब, कपाट सताड उघडं! कुणीही यावं, काहीही न्यावं. मी तर सचिवसाहेबांना म्हणालो, अशा लोकांना ठेवताच कशाला."

"दोन वाजले होते, नक्की?"

"एकदम नक्की. लेझर पण चालू होता. बिल कोण भरतं? भिंतीवर ते दोन ठिपके."

तुपेबाईंचं पेन थांबलं. "दोन?"

"दोन. लहान पोराला पण मोजता येतील, मॅडम. एवढ्या अंतरावर." त्यानं अंगठा आणि तर्जनी ताणून दाखवली.

"मोजण्यात तुमची चूक नाही," बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात इतका गोडवा होता की त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी कुणीही तो ऐकून घाम पुसला असता. सुयश त्यांचा विद्यार्थी नव्हता. तो हसला.

५

गोकुळ शिंगाडे वैजापूरकडच्या एका धनगरवस्तीवरचा. बावीस वर्षं नोकरीत, पन्नाशीला टेकलेला. बुधवारी दुपारी बाई जिना चढून आल्या तेव्हा तो प्रयोगशाळेच्या दारात एक कागद हातात धरून उभा होता. धरण्याची पद्धत अशी, जणू कागदाला काठ नसून धार आहे.

"काय आहे ते?"

"प्राचार्यसायबांनी दिलंय. सही कर म्हनले. निष्काळजीपणा झाला असं लिवलंय. सही केली तर नुसती बदली, न्हाय केली तर घरी." तो कागद बाईंपुढं धरत म्हणाला, "बाई, म्या दीड वाजता भाकरी खायला खाली गेलतो, व्हय. अडीचला आलो. पर कपाटाला कुलूप व्हतं. जाताना बी आन् येताना बी. हातानं ओढून बघितलं, माझी सवय हाय ती."

"सुयश म्हणतो, दोन वाजता उघडं होतं."

"त्यांचं काय, मोठ्याचं लेकरू. म्हनल त्ये खरं."

बाई स्टुलावर बसल्या. पत्रे कडकडत होते. भिंतीवर लाल ठिपका होता.

"गोकुळ, हा एकच कसा?"

"दुपार हाय न्हवं," गोकुळ म्हणाला. जणू बाईंनी सूर्य कुठं उगवतो असं विचारलं होतं. "सकाळी दोन, दुपारी एक. दिवस बुडून खोली थंड झाली का परत दोन. मला त्यातलं शास्त्र काय कळत नाय. पर विशाखाताई रीडिंग घ्यायची तवा भिंतीपाशी पेन्सिल घेऊन मीच हुबा असायचो. तीन उन्हाळे."

"जवळ येत येत मधोमध मिळतात का?"

"नाय वो. आदी सरकत सरकत येत्यात, आन् बोटभर अंतर राहिलं का दोन्ही एकदम गप. आन् एक दिसतो. त्यो मधी नसतोय. डाव्याच्या अंगाला असतो. तीन वाटे केले तर डाव्याकडनं पहिल्या वाट्यावर." त्यानं भिंतीवर बोट टेकवून जागा दाखवली. "म्या ताईला इचारलं बी, आसं का म्हून. ती म्हनली, मामा, साध्या किरणाचे दोन वाटे आन् दुसऱ्याचा एकच, म्हून सरासरी तिकडं झुकती."

तुपेबाईंनी टिपणवही मिटली. आयुष्यात त्यांनी हजारो तोंडी परीक्षा घेतल्या होत्या. पैकीच्या पैकी गुण त्यांनी कुणाला दिल्याचं आठवत नव्हतं.

"त्या कागदावर सही करू नकोस," त्या म्हणाल्या. "उद्या सकाळी सातला सगळ्यांना इथं बोलावलंय. तूही थांब."

६

गुरुवारी सातला प्राचार्य आले, साडेसातला औताडेसर आले, आठला सुयश आला. पंख्यानं मांडणी हलते म्हणून पंखा बंद होता. भिंतीवर दोन ठिपके होते. समितीचा आदेश म्हणून सगळे बसले. विज्ञानासाठी विभागप्रमुख सलग एवढा वेळ बसल्याची ही पहिलीच नोंद.

"सर," तुपेबाईंनी औताडेंना विचारलं, "हे दोन ठिपके एक होतील तेव्हा तो एक कुठं येईल?"

"मधोमध. सरासरी. शाळेतलं पोरगंही सांगेल."

"गोकुळ?"

गोकुळनं पेन्सिलीनं भिंतीवर फुली केली. डाव्या ठिपक्याच्या अंगाला.

सर दयाळूपणे हसले. सुयशही हसला, कारण सर हसले होते.

दहा वाजून चाळीस मिनिटांनी ठिपके बोटभर अंतरावर आले, थरथरले आणि नाहीसे झाल्यासारखे होऊन एकच लाल ठिपका उरला. गोकुळच्या फुलीवर.

"भिंत तिरकी आहे," औताडेसर म्हणाले.

"असेल. हा घ्या तक्ता चार. तुमच्या निबंधातला." बाईंनी कागद उलगडला. "सत्तावीस पूर्णांक तीन अंश. मग अठ्ठावीस पूर्णांक सहा. एकोणतीस पूर्णांक एक. तीस पूर्णांक आठ. सर, ज्याच्याकडे थर्मोस्टॅट आहे तो माणूस सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस असं लावतो. बटण त्याच्या हातात असतं. सत्तावीस पूर्णांक तीन कुणाला मिळतं? ज्याला पत्रा देईल ते घ्यावं लागतं त्याला."

"ती आमची शैली आहे."

"पुढं एकतीस पूर्णांक दोन, आणि एकदम बत्तीस पूर्णांक सात. मधलं रीडिंग का नाही?"

औताडेंनी सुयशकडे पाहिलं. सुयशनं मोबाईलकडे पाहिलं.

"विशाखा?"

"टँकर आला होता, मॅडम. गोकुळमामा पाइप धरायला खाली गेले. भिंतीवर खूण करायला कुणी नव्हतं."

"औताडेसर," तुपेबाई म्हणाल्या, "तुमच्या थर्मोस्टॅटलाही टँकर आला होता का?"

प्राचार्यांना हसू आलं. आपण कोणत्या बाजूला आहोत हे लक्षात आल्यावर त्यांनी त्याचा खोकला केला.

"एकतीस वर्षं मी रीडिंग बसवणाऱ्या पोरांना नापास केलं," बाई शांतपणे म्हणाल्या. "आज त्यांची क्षमा मागावीशी वाटते. त्यांना निदान बसवता येत होतं. तुम्हाला तेवढाही कंटाळा. तिच्या खोलीचं ऊनसुद्धा तुम्ही जसंच्या तसं उचललंत."

"यावरून रजिस्टर मी घेतलं असं होत नाही," औताडे ताडकन म्हणाले.

"नाही होत. सुयश, इकडे या. शनिवारी दोन वाजता ठिपके किती अंतरावर होते, भिंतीवर खूण करा."

सुयश उठला, भिंतीशी गेला आणि तिथला एकुलता एक ठिपका बघून थबकला. पण सांगून झालं होतं. त्यानं दोन खुणा केल्या. बाईंनी पट्टी लावली. "सव्वातीन सेंटिमीटर. विशाखा, शनिवारच्या कच्च्या कागदावर सव्वातीन कधी होतं?"

"आठ वाजून पंचवीस मिनिटांनी. एकोणतीस अंश. त्यानंतर वीस मिनिटं रीडिंग नाही, मला सरांनी बोलावलं होतं."

"शनिवारी दुपारी दोन वाजता या पत्र्याखाली चाळीस अंश होते," तुपेबाई म्हणाल्या. "चाळीस अंशांना इथं दुसरा ठिपका ब्रह्मदेवालाही दिसणार नाही. शनिवारच्या आधी दोन महिने मांडणीच नव्हती, रविवारी कॉलेज बंद होतं आणि सोमवारपासून सकाळी इथं विशाखा होती, म्हणजे दुसऱ्या कुठल्या दिवशी पाहिले म्हणावं तर तेही नाही. ठिपके तुम्ही खरंच पाहिलेत, सुयश. मनानं रचायचे तर त्यासाठी दोन असतात हे माहीत असावं लागतं, आणि तुम्हाला आपल्या निबंधाचा विषयही माहीत नाही. तुम्ही इथं साडेआठला होतात. विशाखा केबिनमध्ये शेर शोधत होती, कपाट कामासाठी उघडं होतं, चावीची गरजच नव्हती. दोन वाजता अशासाठी सांगितलंत की त्या वेळी चावी गोकुळकडे होती."

वर पत्रा एकदा वाजला.

"आता शेवटचं. प्राचार्य, मूळ नोंदवही विशाखाकडे मागितलीत. निबंध तर यांचाही आहे. यांच्याकडे मागितलीत?"

प्राचार्यांनी चष्मा काढला.

"दाखवा सर, तुमची नोंदवही. ती दाखवलीत तर विशाखाची मी मागणार नाही."

औताडेसरांनी रुमाल काढला, कपाळ पुसलं आणि एकशे बेचाळीस निबंधांच्या अनुभवानं सर्वांत जवळच्या माणसाकडे बोट दाखवलं. "मोजमापाचं सगळं डोणगावकरांनी बघितलं. मी केवळ मार्गदर्शन केलं. त्यांनी काय आणलं, कुठून आणलं, मला कल्पना नाही."

"अरे वा, सर!" सुयशनं काळा चष्मा टेबलावर आपटला. "साडेआठला तिला मी बोलावलं का केबिनमध्ये? तक्ता पाच पण त्याच रजिस्टरात आहे, पुढचा पेपर त्यातूनच काढू, हे कोण म्हणालं? जाळू नको, डिक्कीत ठेव, हे कोण म्हणालं?"

गोकुळ काही न बोलता दारातून बाहेर पडला आणि खाली पार्किंगमध्ये सुयशच्या गाडीच्या डिक्कीपाशी जाऊन उभा राहिला. चावी घेऊन सुयशला यायला दहा मिनिटं लागली. गोकुळ हलला नाही.

७

संध्याकाळी प्राचार्यांच्या खोलीत चारच जण होते. लाल रजिस्टर टेबलावर होतं. प्राचार्यांच्या चेहऱ्यावर समेटाचं तेज होतं.

"वादळ शमलं," ते म्हणाले. "आता सगळ्यांचं भलं होईल असं करू. पगारे, तुम्ही दोन ओळी लिहा, की रजिस्टर नजरचुकीनं घरी राहिलं होतं. औताडेसर सोमवारी तुमच्या प्रबंधावर सही करतील. तीन महिन्यांत तुम्ही डॉक्टर. निबंधाला तुमचंही नाव जोडू. तिसरं."

"आणि नाही लिहिलं तर?" विशाखानं विचारलं.

"तर अहवाल वर जाईल, चौकशी बसेल. औताडेसर तुमचे मार्गदर्शक राहणार नाहीत. दुसरा कोण येईल या भानगडीत? वर्ष जाईल, दोन जातील. मार्गदर्शक नसेल तर पीएच.डी. होते का?"

औताडेसर खिडकीबाहेर बघत होते. त्यांना अजूनही खात्री होती की शेवटी कुणीतरी त्यांचे आभार मानेल.

तुपेबाई कुणाच्या मार्गदर्शक होऊ शकत नव्हत्या, त्यांना फक्त विषय येत होता.

विशाखानं रजिस्टर जवळ ओढलं.

"मार्गदर्शक नसताना तीन वर्षं मोजलंच की, सर," ती म्हणाली. "उरली एक सही. ती कुणाची तरी शोधू."

"भावनेच्या भरात—"

"मी नाही लिहिणार."

प्राचार्य सुस्कारले आणि तुपेबाईंकडे वळले. "निदान तुम्ही तरी अहवालात 'गहाळ' असा शब्द वापरा. दीड पान, सौम्य भाषेत."

"अहवाल तयार आहे." बाईंनी पिशवीतून कागद काढून टेबलावर ठेवले. "सहा पानं. वाचून सही करा."

प्राचार्यांनी पेन उघडलं. तेवढ्यात सचिवसाहेबांचा फोन आला. ते डाव्या हातानं फोन कानाला लावून "व्हय साहेब, मिटलं साहेब" म्हणत राहिले आणि उजव्या हातानं सहाही पानांवर सह्या करत गेले. नोकरीच्या अठ्ठावीस वर्षांत त्यांनी एकही कागद वाचून सही केलेली नव्हती. या सवयीनं आजवर बऱ्याच लोकांचं नुकसान झालं होतं. फायदा पहिल्यांदाच झाला.

अहवाल त्याच दिवशी विद्यापीठात गेला आणि निबंध छापणाऱ्या नियतकालिकालाही. जूनमध्ये निबंध मागं घेतला गेला, विशाखाची नोटीस रद्द झाली. गोकुळची बदली झाली नाही. सुयशला मामांनी दुसऱ्या संस्थेत चिकटवलं. औताडेसरांना मार्गदर्शक म्हणून अपात्र ठरवलं. त्यामुळे त्यांना बराच वेळ मिळू लागला आणि त्यांनी संशोधनातील नीतिमूल्ये या विषयावर व्याख्यानं द्यायला सुरुवात केली. मागणी चांगली आहे.

विशाखाला मार्गदर्शक मिळायला सात महिने लागले. सातव्या महिन्यात दुसऱ्या विभागातले एक वयस्कर, बहिरट प्राध्यापक तयार झाले. पहिल्या भेटीत त्यांनी प्रबंध हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "हे बघ बाळ, द्रव-स्फटिकांतलं मला फारसं कळत नाही. आधी वाचावं लागेल. अडलं तर तू समजावून सांग."

हे वाक्य तिनं या क्षेत्रात पूर्वी कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. तिनं खुर्ची ओढली आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली, जरा मोठ्या आवाजात.